रणगाड्यांचे संग्रहालय आणि आपल्या माणसांची नावे

(विहाराच्या वर्धापनदिनी केम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





समितीने मला विषय दिला तो आपल्या नगरच्या सहलीचा. आपण करमाळा, मिरजगाव मार्गे नगरला गेलो आणि तिथले रणगाड्यांचे संग्रहालय पाहून आलो. शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण आपल्या बोलण्यात नगर बसलेले आहे, म्हणून मी नगरच म्हणतो. सहल ठरली त्या बैठकीत एका उपासिकेने उभे राहून विचारले होते, "विहाराची सहल अजिंठ्याला जावी, वेरूळला जावी, नागपूरला दीक्षाभूमीवर जावी. सकाळी पंचशील घ्यायचं आणि दुपारी तोफा बघायच्या, हे कसं काय बरं?" बैठकीत काही जण हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज मी त्याच प्रश्नाचे उत्तर माझ्या कुवतीप्रमाणे देणार आहे.

आधी आपण काय पाहिले ते सांगतो, कारण पुष्कळ मंडळींना त्या दिवशी येता आले नाही. हे संग्रहालय लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये उभे केले. आपल्या देशातले रणगाड्यांवरचे जवान घडतात ते याच नगरच्या केंद्रात. उघड्या जागेत रांगेने रणगाडे उभे आहेत. रोल्स रॉइसच्या मोटारीवर चिलखत चढवून केलेली जुनी गाडी आहे. दुसऱ्या महायुद्धातले इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आहेत. जपानी रणगाडे आहेत, जर्मनांची आठ चाकी चिलखती गाडी आहे. मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यात तयार झालेला आपला विजयंता आहे. आणि पोरांनी सगळ्यांत जास्त गर्दी जिथे केली, तो १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून हाती लागलेला अमेरिकन बनावटीचा पॅटन आहे.

त्या पॅटनची हकीकत पोरांना सांगितली, तीच इथे थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणच्या बाजूला, असल उत्तर या गावाजवळ, पॅटनचा मोठा ताफा आपल्यावर चालून आला. त्या काळी पॅटन म्हणजे अजिंक्य, असा बोलबाला होता. त्याच्यापुढे ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद साध्या जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन उभे राहिले. एकामागून एक पॅटन त्यांनी फोडले आणि १० सप्टेंबरला ते स्वतः शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. अब्दुल हमीद हे उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या गरीब शिंप्याच्या घरचे. पोलाद किती जाड आहे यावर सगळे ठरत नाही, पोलादासमोर उभा राहणारा माणूसही मोजावा लागतो, हे त्या ठिकाणी पोरांना न सांगता कळले.

आता मुद्द्याकडे येतो. रणगाड्यापुढे पाटी असते. त्यावर रणगाडा कोणत्या देशाचा, वजन किती, तोफ किती मिलिमीटरची, वेग किती, हे लिहिलेले असते. आपल्यातल्या सातवीच्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, आत माणसं किती बसायची?" मी म्हणालो, सेंच्युरियनमध्ये चार. एक प्रमुख, एक तोफ डागणारा, एक तोफेत गोळा भरणारा, तोच वायरलेसही सांभाळायचा, आणि एक चालक. तिने पुन्हा विचारले, "मग त्यांची नावं कुठं आहेत?"

बंधू-भगिनींनो, त्या मुलीचा प्रश्न मला आजच्या सगळ्या भाषणापेक्षा मोठा वाटतो. १९७१ च्या युद्धात बसंतर नदीच्या लढाईत, १६ डिसेंबरला, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शहीद झाले. वय अवघे २१ वर्षांचे. त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता', आणि तो रणगाडा दुरुस्त करून नगरच्या केंद्राने जतन केला आहे. खेत्रपालांचे नाव देशाला माहीत आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण त्याच रणगाड्यात त्यांच्याबरोबर सवार नंद सिंग होते, तेही त्याच दिवशी कामी आले. सवार प्रयाग सिंग रणगाडा चालवत होते, सवार नथू सिंग तोफेवर होते. रणगाड्याचे नाव लोकांना पाठ आहे. ही तीन नावे तुमच्यापैकी किती जणांनी आजपूर्वी ऐकली होती? दोष कोणाला द्यायचा म्हणून मी हे बोलत नाही. लोखंड टिकते, ते रंगवून उभे करता येते. नाव मात्र कोणीतरी मुद्दाम जपले तरच टिकते.

आता उपासिकाताईंच्या प्रश्नाकडे वळतो. धम्माने शस्त्राकडे कसे पाहावे? भगवंतांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यात पहिलाच शस्त्रांचा व्यापार आहे. तेव्हा शस्त्र विकून पोट भरणे धम्माला मान्य नाही, याबद्दल वाद नको. पण सैनिकाचे काय? वैशालीचा सेनापती सिंह बुद्धाकडे आला आणि मला उपासक म्हणून स्वीकारा म्हणाला. तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितले, तू नामांकित माणूस आहेस, नीट विचार करून निर्णय घे. इतकेच काय, आजवर ज्या निर्ग्रंथांना तू दान देत आलास ते दानही बंद करू नकोस. सेनापतीपद सोड, अशी अट घातल्याचे त्या कथेत नाही. दुसरीकडे बिंबिसार राजाचे सैनिक लढाई टाळून भिक्खू व्हायला लागले, तेव्हा राजसेवेतल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. म्हणजे बघा, धम्म सैनिकाला हाकलून देत नाही, आणि कर्तव्यातून पळणाऱ्याला चीवराचा आडोसाही देत नाही.

आणि सम्राट अशोक! कलिंगाचे युद्ध झाले ते त्याच्या राज्याभिषेकानंतर आठव्या वर्षी. त्याच्या तेराव्या शिलालेखात त्याने स्वतः हिशेब कोरून ठेवला आहे, की दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पट मेली. जगात राजांनी विजयाचे खांब पुष्कळ उभे केले. आपण मारलेल्या माणसांचा आकडा पश्चात्तापाने दगडावर कोरणारा राजा मात्र विरळा. तो लेख म्हणजे एक प्रकारचे युद्धसंग्रहालयच आहे, फरक एवढाच की त्यात शस्त्र एकही नाही, फक्त हानी मांडलेली आहे. म्हणून मी ताईंना म्हणेन, तोफ बघायला हरकत नाही. अशोकाच्या डोळ्यांनी बघा. 'केवढी मोठी तोफ!' एवढे म्हणून पुढे सरकू नका. हिच्यापुढे कोण उभं होतं आणि हिच्यामागे कोण होतं, हे विचारा.

हिच्यामागे कोण होतं, असे विचारले की मग आपल्या घराची गोष्ट सुरू होते.

भीमा नदीच्या काठी कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीची सुमारे आठशेची तुकडी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिली. तिथल्या स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ ला झाली. स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' शेवटी असलेली, म्हणजे महार सैनिकांची आहेत. इतर जातिधर्मांचे सैनिकही त्या यादीत आहेत, तेही शूरच होते. पण विचार करा, ज्या काळात आपल्या माणसाची सावली रस्त्यावर चालत नव्हती, त्या काळात त्याचे नाव इतरांच्या नावांबरोबर एकाच दगडावर बसले! पलटणीच्या हजेरीपटात नाव होते, म्हणून दगडावर आले. लिहिलेले नव्हते ते गेले.

इथपर्यंतची गोष्ट आपण दरवर्षी १ जानेवारीला ऐकतो. पुढची कमी ऐकतो, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्याच इंग्रज सरकारने १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. लढाऊ जाती वेगळ्या आणि बिगरलढाऊ जाती वेगळ्या, असे एक शास्त्र तेव्हा लष्करातल्या बड्या साहेबांनी काढले होते. स्तंभ उभा होता. नावे कोरलेली होती. तरी दार बंद झाले. पाऊणशे वर्षांत दगड मुका झाला! कारण दगड आपणहून साक्ष द्यायला उठत नाही. त्याच्या वतीने बोलणारा माणूस लागतो.

तो माणूस आपल्यातूनच उभा राहिला. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज तयार केला, की आमच्या वाडवडिलांनी पलटणीत सेवा केली आहे, आमची भरती पुन्हा सुरू करा. त्यांच्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. या अर्जांमागे काय बळ होते? पैसा नव्हता, सत्ता नव्हती. पूर्वजांनी केलेल्या सेवेचा दाखला होता. बाबासाहेबांचे वडील रामजीबाबा सुभेदार होते, लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्मच महूच्या छावणीतला, १४ एप्रिल १८९१ चा. म्हणजे बाबासाहेब दीड-दोन वर्षांचे असताना त्यांच्या समाजाला पलटणीचे दार बंद झाले.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ मध्ये पलटण मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि मुका झालेला दगड पुन्हा बोलू लागला. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर ते असताना त्यांनी महारांच्या पलटणीसाठी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या टोपीबिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आणि मधे कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. आज रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, आणि तिच्यात देशातल्या सर्व जातिधर्मांचे जवान खांद्याला खांदा लावून आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत शहीद झाले, ते ८ महारचे, परमवीरचक्राचे मानकरी. एका जातीच्या नावाची पलटण सगळ्या देशाची झाली, याचाही आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

तर सांगायचा मुद्दा असा. १८१८ ते १९४१ हा जो प्रवास झाला, तो तलवारीवर कमी आणि कागदावर जास्त झाला. हजेरीपट, स्तंभ, अर्ज, पुन्हा अर्ज! आणि म्हणून मला आपल्या घरातल्या कागदांची काळजी वाटते.

आपल्या भागात अशी घरे आहेत की ज्यांचा आजा, पणजा, चुलता पलटणीत होता. त्यांची डिस्चार्ज बुकं कुठे आहेत? कुठे पत्र्याच्या पेटीत वाळवी लागली, कुठे घर पाडताना ढिगाऱ्यात गेली. पदके भंगारवाल्याच्या तराजूत पितळेच्या भावाने गेलेली मी पाहिली आहेत. पोरांना वाटते, गोल चकती आहे, वरचा राजा कोण कुणास ठाऊक! अहो, पदक हातात घ्या आणि त्याची कड बघा. बारीक अक्षरात सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचे पदक लढाऊ सैनिकाला चांदीचे मिळाले, मजूर पलटणीतल्या पुष्कळांना ब्राँझचे. म्हणजे तो गडी पलटणीत काय काम करत होता, याचा धागा त्या धातूतसुद्धा सापडतो. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' आहे म्हणून आपण दरवर्षी वंदन करतो, आणि घरातल्या पदकाच्या कडेवरचे नाव न वाचता ते मोडीत घालतो, हे बरोबर आहे का?

यात नुसत्या अभिमानाचा प्रश्न नाही, भाकरीचा आहे. निवृत्त जवान वारला की त्याच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला त्याच्या लष्करी नोंदीत तिचे नाव असावे लागते. एका शेजारगावच्या आजींचे उदाहरण आहे. नवऱ्याच्या बुकात त्यांचे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे नाव, आणि बुक तर पावसात भिजून अर्धे गेलेले. माउली दीड वर्ष हेलपाटे घालत होती. शेवटी तिच्या नातवाने नवऱ्याचा नंबर कुठून मिळवला माहीत आहे? पदकाच्या कडेवरून. नंबर मिळाला तशी जुनी नोंद सापडली आणि काम मार्गी लागले. ते पदक आजींनी देवळीत जपून ठेवले होते म्हणून, नाहीतर भंगारात गेलेच होते. आता लष्कराची पेन्शन 'स्पर्श' नावाच्या संगणकाच्या व्यवस्थेतून मिळते. संगणकाला आजी ओळखू येत नाही, त्याला अक्षर ओळखू येते. एका अक्षराचा फरक पडला की घोडे अडते.

तेव्हा समितीपुढे आणि तुम्हा सर्वांपुढे मी एक काम ठेवतो. आपल्या विहारात एक नोंदवही ठेवावी. केम आणि आसपासच्या गावांतून जे जे कोणी सैन्यात होते किंवा आहेत, त्यांचे बुकातले नाव, नंबर, हुद्दा, पलटण, भरतीचे आणि निवृत्तीचे वर्ष त्यात लिहावे. बुकाची आणि पदकाची छायाप्रत सोबत लावावी. मूळ वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी. पदक चिंच आणि राख लावून घासू नये, कडेवरची अक्षरे झिजतात. ज्यांचा कागद गेला आहे, त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे मोबाइलवर नोंदवून घ्यावे. अडलेल्या माणसाबरोबर आपल्या एका शिकलेल्या पोराने सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत जावे.

वहीत नुसते बंदूकवाले घालू नका. पलटणीत स्वयंपाकी होते, धोबी होते, खेचरे हाकणारे होते, सफाई करणारे होते. त्यांच्यावाचून एकही रणगाडा चार कोस पुढे गेला नसता. ज्या बायांनी मनीऑर्डरीची वाट बघत एकटीने शेत केले, पोरे वाढवली, त्यांचे नाव त्या सैनिकाच्या शेजारी लिहा. आणि एक विनंती फार कळकळीची आहे. वही विहारात असेल, पण ती साऱ्या गावाची असेल. नाव लिहिताना जात विचारायची नाही. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे लोकार्पण झाले. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे सारख्या आकाराच्या दगडी पाट्यांवर आहेत. अधिकाऱ्याची पाटी मोठी आणि शिपायाची लहान असे तिथे नाही. मरणानंतर तरी समता आली! आपल्याला ती जिवंतपणी आणायची आहे. निदान आपल्या वहीत तरी आणू या.

वर्षावासात आपण रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. वाचन संपल्यावर रोज या वहीतले एक नाव एका मुलाने किंवा मुलीने उभे राहून वाचावे. नाव, पलटण, वर्ष, एवढेच. दोन मिनिटेही लागणार नाहीत. तीन महिन्यांत नव्वद नावे वाचून होतील. ज्या पोरांनी नव्वद नावे मोठ्याने वाचली, ती पोरे उद्या कुठल्याही संग्रहालयात गेली तरी नुसत्या तोफेपुढे फोटो काढून परत येणार नाहीत.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. शस्त्राची भक्ती करायला आपण नगरला गेलो नव्हतो. युद्धाची किंमत कोण देतो आणि नाव कोणाचे राहते, हे समजून घ्यायला गेलो होतो. युद्ध नसावे हीच आपली प्रार्थना, तोच धम्माचा मार्ग. पण ज्यांनी आयुष्य दिले त्यांना विसरणे म्हणजे अहिंसा नव्हे. ती निव्वळ बेपर्वाई झाली. त्या सातवीच्या मुलीच्या हातून या वहीत पहिले नाव लिहिले जावे, अशी सूचना मांडतो. समिती ती मान्य करील अशी आशा आहे.



भवतु सब्ब मंगलं! नमो बुद्धाय! जयभीम!